आवाज बदलावा, अशी मी शिफारस केली

वर्ध्याजवळच्या सेलूत आमच्या घरी कोणी पाहुणे आले आणि त्यांनी माझी चौकशी केली, की बाबा सांगतात, "छाया लोकाईच्या तक्रारी वाचते." पाहुण्यांना वाटतं मी तहसील कचेरीत असेन. मग बाबा खुलासा करतात की कचेरी नाही, कॉम्प्युटरवरचे खेळ असतात ना, त्यांच्या तक्रारी. यावर पाहुणे पावसापाण्याकडे वळतात आणि मी चहा ठेवायला उठते.

बाबांनी केलेलं वर्णन चुकीचं नाही. खेळ करणारे लोक आपला खेळ इंटरनेटवरच्या दुकानात ठेवतात. ज्यानं तो खेळला तो खाली आपलं मत लिहितो, एक ते पाच तारे देतो. खेळ करणाऱ्याला ही मतं वाचवत नाहीत. वेळ नसतो हे सांगायचं कारण. खरं म्हणजे दोन वर्षं राबून केलेल्या वस्तूला कोणी 'बकवास' म्हटलेलं माणसाला सोसत नाही. म्हणून ते काम माझ्यासारखीला देतात. मी मतं वाचते, त्यांची वर्गवारी करते: लांबी, चित्रं, आवाज, बिघाड. कशातच न बसणारी मतं शेवटच्या रकान्यात जातात, त्याचं नाव 'इतर'. मग अहवाल लिहिते: लोकांना काय हवंय, काय बदलावं. पुण्याला एका कंपनीत मी हे शिकले, आणि आई गेल्यावर बाबा एकटे पडले तेव्हा काम घेऊन सेलूला आले. माडीवरची खोली, एक टेबल, बाबांनी गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीचा वास, हे माझं ऑफिस.

या कामाला दोन गोष्टी लागतात. एक, राग येऊ द्यायचा नाही. दोन, माणसानं काय लिहिलंय आणि त्याला खरं काय झालंय यातला फरक ओळखायचा. पहिली गोष्ट मला लवकर जमली. दुसरीही जमली आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

भुताखेतांच्या खेळांवरची मतं वाचण्यात माझा हात बसला होता. भ्यालो असं लिहायला लोकांना लाज वाटते. मग ते लिहितात की दरवाजा नीट उघडत नाही, कंदिलाचा उजेड कमी आहे. कंदिलाबद्दल भांडणारा माणूस चांगलाच टरकलेला असतो, हे मी डोळे झाकून सांगायची. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की खेळ उत्तम आहे, पण माझ्या पत्नीनं मागे उभं राहून पाहिला आणि आता ती मागच्या अंगणात जात नाही. धुणं मला वाळत घालावं लागतं, म्हणून एकच तारा. दुसऱ्या एकानं पाच तारे देऊन लिहिलं, 'मी हा खेळ सुरू करण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. सुरुवातीचं संगीत पुरेसं आहे.' अशी माणसं भेटली की दिवस बरा जायचा. त्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत, पण कोण कसा असेल हे मला ठाऊक आहे असं वाटायचं. नाती अशीच जुळायची, एकतर्फी.

नितीन उईके मला भेटला तो बाबांच्या ओळखीतून. हिंगणीकडचा, बोरच्या जंगलाला लागून त्यांची वस्ती. वर्ध्याला कॉम्प्युटर शिकला, नागपूरला काही वर्षं नोकरी केली आणि सोडून घरी आला. घरी आई आणि तो, दोघंच. एक दिवस लॅपटॉप पिशवीत घालून तो आमच्या माडीवर आला आणि म्हणाला, "ताई, मी एकट्यानंच एक खेळ केला. लहान हाय. तुम्ही पाहून सांगता का?"

खेळाचं नाव होतं 'वस्तीवर कोणी नाही'. चाळीस मिनिटांत संपायचा. एक माणूस बऱ्याच वर्षांनी आपल्या वस्तीवर परततो. दिवस मावळतीला आलाय, घरं उघडी आहेत, चुलीत निखारे आहेत, पण माणूस कोणी नाही. आणि मागून एक बाई हाक मारते. लांबून, झाडांमधून, गोंडीतून. खेळणाऱ्याला सुरुवातीलाच बजावलेलं असतं की हाकेला ओ द्यायची नाही. ओ द्यायचं बटण दाबलं की पडदा काळा, पुन्हा पहिल्यापासून. पळत सुटलं तर वाट चुकते आणि तुम्ही फिरून त्याच विहिरीपाशी येता. आमच्या भागात ज्याला चकवा म्हणतात तेच. हाकेकडे कान न देता वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पोचलात, की खेळ संपला.

चित्रं साधी होती, माणसाचे हात तर चक्क लाकडाचे वाटायचे. पण उजेड त्यानं बरोबर पकडला होता. सागाच्या पानांवरचा तो तांबूस उजेड मी लहानपणापासून पाहिलेला. आणि हाक त्याच्या आईची होती.

"मायकून बोलवून घेतलं मोबाईलवर," तो म्हणाला. "ती बकऱ्या बोलावते ना, तिचा आवाज लई दूर जाते."

पडद्यावर खाली हाकेचा मराठी अर्थ का दिला नाहीस असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाई देत. ज्याले समजन त्याले समजन." मीही मग पुढे काही विचारलं नाही. ती काय म्हणते हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी चित्रांबद्दल विचारलं, बिघाडाबद्दल विचारलं, आणि हाकेला 'आवाज' या रकान्यात टाकून मोकळी झाले.

खेळ दुकानात ठेवण्याआधी मी एकदा हिंगणीला त्यांच्या घरी गेले. त्याची आई सुगंधाबाई अंगणात मोहाची फुलं निवडत बसली होती. हडकुळी, उंच, डोक्यावरून पदर. मला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "नित्या सांगे तुम्ही शिकलेल्या हा. काम काय करता बाई तुम्ही?"

मी म्हटलं, "लोक काय बोलतात ते वाचते."

"अन् मंग?"

"मग त्यांना काय पाहिजे ते खेळ करणाऱ्याला सांगते."

ती थोडा वेळ फुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याईले मालूम नसते का, काय पायजे ते?"

मी हसले. नितीनही हसला. तिनं मात्र खरंच विचारलं होतं.

खेळ दुकानात गेला. मोठ्या खेळांच्या मानानं थोडेच लोक आले, पण आले. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आमच्या बोरच्या जंगलात फिरून जात होते याचं मला अप्रूप होतं. मतं येऊ लागली आणि मी नेहमीसारखी कामाला लागले. लांबीबद्दल तक्रार होती. ती छोट्या खेळाला असतेच. हातांबद्दल होती. आणि आवाजाबद्दल भरपूर होती. 'बाई घाबरवत नाही.' 'ही चेटकीण आहे की शेजारीण?' 'सगळा माहोल जमून येतो आणि मग त्या आवाजानं हवा निघून जाते.' 'चांगली आवाजाची कलाकार घ्या.' एकानं लिहिलं होतं की हा आवाज ऐकून मला भूक लागते.

महिन्याच्या शेवटी मी अहवाल लिहिला. त्यातलं पहिलंच वाक्य होतं: आवाज बदलावा.

नितीननं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "माय काय म्हणन?"

"तिला सांगायचं कशाला?" मी म्हणाले. "नितीन, खेळ तू तुझ्यासाठी केला असशील, पण दुकानात ठेवलास की तो खेळणाऱ्यांचा. लोक स्पष्ट सांगताहेत."

"तुम्हाले काय वाटते पण?"

मी म्हणाले, "मला काय वाटतं हे माझं काम नाही." हे वाक्य मी पुण्याला शिकले होते आणि मला त्याचा अभिमान होता.

नागपूरला नाटकात काम करणारी एक बाई नितीनच्या ओळखीची होती. तिनं एका दुपारी येऊन आवाज दिला. घोगरा, ओढलेला, शेवटी एक हसणं. ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. नितीननं तो घातला, खेळाची नवी फाइल दुकानात चढवली आणि जुनी काढून टाकली. मतं बदलली. 'आता झोप उडाली.' 'शेवटी न्याय मिळाला.' तारे वाढले. माझी शिफारस बरोबर निघाली होती. धंद्याच्या दृष्टीनं ती आजही बरोबरच आहे, आणि तेच मला डाचतं. ती चूक निघाली असती तर सोपं गेलं असतं.

त्या पावसाळ्यात सुगंधाबाईला ताप आला. आधी गावातच औषध घेतलं, मग वर्ध्याला नेलं. चार दिवसांत ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा नितीन सगळ्यांशी नीट बोलत होता. बकऱ्या शेजाऱ्यांकडे बांधल्या होत्या. तेरवी झाल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, तो आमच्या माडीवर आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"ताई, मायचा आवाज कोणापाशी असन?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. ज्या मोबाईलवर आवाज घेतला होता तो त्यानं बदलला होता. लॅपटॉपची डिस्क उन्हाळ्यात जळाली होती. नव्या आवाजाचा खेळ दुकानात असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आईकडे साधा बटणांचा फोन. फोटो होते, आधार कार्डावरचा, लग्नांतले, एक बकरीसोबतचा. आवाज कुठेच नव्हता.

"सपनात येते," तो म्हणाला, "पण बोलत नाई. तोंड हालते नुसतं."

मी त्याला खुर्चीवर बसवलं. हे माझ्या हातून झालंय असं मला म्हणायचं होतं, पण त्याला त्या वेळी माझ्या अपराधाचं काय करायचं होतं. मी म्हणाले, "जुनी फाइल ज्यांनी उतरवून घेतली होती त्यांच्यापाशी असेल. खेळाची फाइल मिळाली तर आवाज काढता येतो ना?"

"येते."

"मग शोधू."

दुकान खेळ उतरवणाऱ्यांची नावं देत नाही. ज्यांनी मत लिहिलं तेवढेच आम्हाला दिसतात, तेही टोपणनावानं. आवाज बदलण्याआधीची सगळी मतं मी पुन्हा काढली आणि एकेकाला उत्तर लिहायला बसले: 'तुमच्याकडे खेळाची जुनी प्रत अजून आहे का? आम्हाला तिची गरज आहे.' का ते लिहिलं नाही. आई वारली असं अनोळखी माणसाला दुकानाच्या भिंतीवर कसं लिहायचं.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी दिलं: चाळीस मिनिटांचा खेळ, संपल्यावर पुसून टाकला. मला दोष देता येईना. शेजारणीसारखी वाटते म्हणणारा माणूस मात्र फार सज्जन निघाला. त्यानं जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढून पाहिला, नाही मिळाली म्हणून दोनदा क्षमा मागितली. परदेशातल्या एका पोरानं खेळतानाचा आपला व्हिडिओ करून ठेवला होता. तो आम्ही माडीवर बसून लावला. हाक येत होती, पण तो पोरगा सतत बोलत होता, हसत होता, आपल्या मित्रांना काहीबाही सांगत होता. त्याच्या दोन वाक्यांच्या मधे सुगंधाबाईचा अर्धा शब्द ऐकू यायचा.

नितीननं व्हिडिओ थांबवला. "हा मानूस जराकसा गप राह्यला असता," एवढंच म्हणाला.

मग मी 'इतर' रकाना उघडला. तिथली मतं मी अहवालात कधीच घेत नसे. त्यात रोमन लिपीत लिहिलेलं एक मराठी मत होतं, माणसाचं टोपणनाव 'काटा नंबर एक'. मत असं: 'भेव नाई लागला. मी उभाच राह्यलो.' पाच तारे. तेव्हा वाचून मी पुढे गेले होते, कारण त्यात खेळाबद्दल काही नव्हतं.

त्याला लिहिलं. आठवडाभरानं उत्तर आलं: 'हाय. पेन ड्राइव्ह घेऊन या. इथं नेट चालत नाई.' आणि खाली पत्ता: कारंजा घाडगे, हायवेवरचा धर्मकाटा.

इतकं जवळ असेल असं वाटलंच नव्हतं. नितीनच्या मोटारसायकलवर आम्ही सकाळीच निघालो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक इचार केला. फाइल घेऊ अन् त्याले सांगू, तुह्यापासची काढून टाक."

"काऊन?" मी विचारलं. पुण्याची भाषा त्या टपरीवर आपोआप गळून पडली.

"पाह्यलं ना लोकाईनं काय काय लिवलं ते. माह्या मायच्या आवाजाले कोनी तारे देऊ नाई आता. तो माह्यापाशी राहू द्या."

मी मान हलवली. त्याचा हक्क होता.

धर्मकाटा म्हणजे ट्रकचं वजन करण्याची जागा. रस्त्यालगत जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्यावर ट्रक येऊन उभा राहतो, आणि बाजूच्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर वजन उमटतं. संत्र्यानं भरलेले दोन ट्रक ओळीत उभे होते. आतल्या माणसानं आम्हाला हातानं थांबायला सांगितलं, दोन्ही ट्रक काढले, आणि मग दार उघडलं. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन. नाव देवानंद. मला ताई म्हणाला, नितीनला दादा, आणि आमच्यासाठी स्टुलं पुसली.

"कॉम्प्युटर म्हातारा हाय," तो म्हणाला. "मोठे खेळ त्याले झेपत नाई. असे लहान लहान असले त चालते. हा मी भाच्याच्या पेन ड्राइव्हवरून आणलता. मंग मत लिवलं मोबाईलवरून, घरी गेल्यावर."

"खेळ आवडला का तुम्हाला?" मी सवयीनं विचारलं.

तो थोडा संकोचला. "खेळता मले येतच नाई तसा. जेवाच्या सुट्टीत लावतो. रोजच लावतो म्हना."

"रोज?" नितीन म्हणाला.

"हो. डबा खाता खाता." देवानंदनं टेबलावरच्या डब्याचं झाकण सारखं केलं. "माही माय मी दीड वर्षाचा असतानी गेली. काकाच्या घरी वाढलो. त्याईनं काही कमी नाई केलं, खोटं काऊन बोलू. पण हाक आली म्हंजे काहीतरी काम असे. पानी आन, बैल सोड. हे बाई काही काम नाई सांगून राह्यली असं मले वाटलं. भाषा समजत नाई मले. पण समजते ना मानसाले, काम सांगते का बोलावते ते."

काचेबाहेर ट्रक जातायेता खोली हलत होती.

"सुरुवातीले मी ओ द्यायचो," देवानंद सांगत होता. "मंग काळं होऊन जाय. पुन्हा ओ देल्ली, पुन्हा काळं. मंग ओ देनं सोडून देल्लं अन् पळनं बी सोडून देल्लं. एका जागी उभा राह्यलो. मंग ती जवळ येते ना."

"जवळ येते?" मी विचारलं. मी हा खेळ पुन्हा पुन्हा खेळले होते, त्यावरचं प्रत्येक मत वाचलं होतं, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"येते ना ताई. हळूहळू येते. झाडाईतून, मंग विहिरीपासून, मंग एकदम कानापाशी. मंग चूप होते. अन् उजाडते. कोंबडा आरवते. घराघरातून धूर निघते, मानसं दिसतात."

नितीननं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाले उजाडलेलं दिसलं?"

"रोज दिसते," देवानंद म्हणाला. "तुम्हीच केलं ना ते?"

नितीननं मान हलवली. मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, काचेकडे पाहत. तो सात वर्षांचा असताना आईसोबत तेंदूची पानं तोडायला गेला होता, वाट चुकला आणि दिवस बुडायला आला. रडत पळत होता तेव्हा आईची हाक ऐकू आली. खेळासाठी आवाज घेताना त्यानं आईला सांगितलं, त्या दिवशी ओरडली होतीस तेच ओरड. तिला शब्द न् शब्द आठवत होता.

"काय म्हनते ती?" देवानंदनं विचारलं.

"म्हनते, पळू नको. जिथं असशीन तिथंच उभा राह्य. मी येऊन राह्यली."

बाहेर एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला. देवानंद उठला, खिडकीशी गेला, वजन घेतलं, पावती फाडून दिली. परत येऊन बसला तेव्हा त्यानं चेहरा पुसला होता.

मी तिथे बसून माझा अहवाल आठवत होते. उभं राहायला सांगणाऱ्या बाईपासून लोक पळाले, ती घाबरवत नाही अशी तक्रार केली, आणि मी त्यांचं म्हणणं नीट मोजून, रकान्यात भरून, तिला काढून टाकायला सांगितलं. तिच्या भाषेतलं एक वाक्य मी विचारलं नाही. तेरा वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घेण्यावर माझं पोट चाललं होतं.

नितीननं पेन ड्राइव्ह लावला, फाइल घेतली. देवानंदनं विचारलं, "आवाज ऐकाचा का आता?" नितीन म्हणाला, "लावा." देवानंदनं खेळ सुरू केला, माणसाला विहिरीपाशी नेऊन उभं केलं आणि हात बाजूला घेतले. स्पीकर जुने होते, खरखर होती. तरी ती आली. मी पहिल्यांदा तिला अर्थासकट ऐकत होते. जवळ येताना तिला धाप लागलेली ऐकू येते. ते मी यापूर्वी कधी ऐकलंच नव्हतं. पडद्यावर उजाडलं तेव्हा नितीन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, लहान मुलं वर्गात बसतात तसा.

निघताना मी वाट पाहत होते की तो आता काढून टाकायला सांगेल. त्यानं देवानंदला विचारलं, "कॉम्प्युटर बदलनार हा का तुम्ही?"

"मालक म्हनते दिवाळीनंतर."

"बदलाच्या आधी मले फोन करजा. मी येऊन नव्यावर टाकून देईन."

काही दिवसांनी नितीननं खेळाची फाइल पुन्हा बदलली. नागपूरच्या बाईंना फोन करून तुमचा आवाज काढतोय असं सांगितलं, त्यांना वाईट वाटलं पण त्या समजून घेणाऱ्या निघाल्या. अर्थ त्यानं आताही खाली दिला नाही. मी सुचवून पाहिलं, निदान एक ओळ तरी दे. तो म्हणाला नको.

मी अजून हेच काम करते. 'इतर' रकाना आता आधी उघडते, आणि अहवालात 'मला काय वाटतं' असा एक परिच्छेद लिहिते. एका कंपनीनं त्यावरून मला काढलं, दुसरीनं ठेवलं. नितीनचा अहवाल मी लिहीत नाही, महिन्यातून एकदा त्याच्या अंगणात बसून मतं वाचून दाखवते. बकऱ्या त्यानं परत आणल्या आहेत. कधी बोलता बोलता त्याची नजर झाडांकडे जाते आणि मी थांबते. मला माझ्या आईचा आवाज कसा होता ते आठवतं, पण तो ऐकू येत नाही. आमच्या घरी तो कोणाकडेच नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

तारे अर्थातच पुन्हा उतरले. परवा मी वाचत होते: बाई घाबरवत नाही, आधीचीच बरी होती, आवाज बदला. वाचून झाल्यावर मी विचारलं, "यांना काय उत्तर लिहू?"

नितीन बकरीच्या पायातला काटा काढत होता. वर न पाहता म्हणाला, "बरोबर हाय म्हना. ती भेव दाखवाले बोलतच नोती."